पोटात पाणी साठल्यावर काय समजून घ्यावे आणि काय करावे

पोटात पाणी झाले आहे असे कळले की घरातील मंडळी सर्वांत आधी रुग्णाचे पाणी तोडतात. पेला लहान होतो, घोट मोजले जातात आणि तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाला हे त्याच्या भल्यासाठीच चालले आहे असे समजावले जाते. हेतू चांगला असला तरी बहुतेक रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही, कारण प्यायलेले पाणी पोटात जाऊन साठते असे मुळात घडतच नाही. शरीर मीठ धरून ठेवते आणि त्या मिठाच्या मागोमाग पाणी थांबते. ही एक गोष्ट नीट समजली की पथ्य, गोळ्या, रोजचे वजन आणि सुईने पाणी काढणे या सगळ्यांचा अर्थ लागू लागतो. जलोदर झालेल्या रुग्णांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. औषधाचे प्रमाण ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. येथे दिलेले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत, एवढ्यासाठीच आहेत.

पाणी येते कोठून

पोटाच्या पोकळीला आतून आणि पोटातील अवयवांना बाहेरून पेरिटोनियम नावाचे पातळ आवरण असते. त्याच्या दोन पदरांमध्ये निरोगी माणसाच्या शरीरातही थोडा ओलावा असतो आणि त्यामुळे आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. या जागेत वाजवीपेक्षा जास्त द्रव साठला की त्याला जलोदर म्हणतात. जलोदर हा स्वतंत्र आजार नसून दुसऱ्या आजाराचे लक्षण आहे, आणि त्या दुसऱ्या आजारांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे लिव्हर सिऱ्होसिस. दीर्घकाळचे मद्यपान, हिपॅटायटिस बी किंवा सी यांचा संसर्ग, लठ्ठपणा व मधुमेहासोबत यकृतात साठणारी चरबी अशा कारणांनी यकृतात व्रण पडत जातात आणि ते कठीण होते, यालाच सिऱ्होसिस म्हणतात. हृदय अशक्त होणे, पोटाचा क्षयरोग, अंडाशय, जठर, आतडे किंवा स्वादुपिंड यांचा कर्करोग, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाणे, स्वादुपिंडाला सूज येणे आणि यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होणे ही इतर कारणे होत. एकाच रुग्णात दोन कारणे एकत्र असणेही अशक्य नाही.

सिऱ्होसिसमध्ये जे घडते ते थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. आतड्यांकडील रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात येते. यकृत कठीण झाले की त्या रक्ताची वाट अडते, शिरेतला दाब वाढतो आणि त्याच वेळी आतड्यांच्या रक्तवाहिन्या सैल पडून बरेचसे रक्त तेथेच रेंगाळते. परिणामी मूत्रपिंडांपर्यंत पोहोचणारे रक्त अपुरे पडते आणि शरीरात पाणी व मीठ भरपूर असूनही ते कमी झाले आहे, असा संदेश मूत्रपिंडांना मिळतो. अल्डोस्टेरॉनसारखी संप्रेरके वाढतात आणि लघवीतून बाहेर पडायचे सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, मूत्रपिंडे पुन्हा रक्तात ओढून घेतात. सोडियम थांबले की पाणी थांबते. त्यात आजारी यकृत अल्ब्युमिन हे प्रथिन पुरेसे बनवू शकत नाही आणि रक्तवाहिन्यांत पाणी टिकवून धरण्याची ताकद घटते. वाढलेला दाब आणि घटलेले अल्ब्युमिन यांमुळे हे जादा पाणी पोटाच्या पोकळीत झिरपते, आणि बऱ्याच रुग्णांच्या पायांवरही उतरते.

ओळखावे कसे

सुरुवातीला वजन वाढते, कमरेचा कपडा घट्ट होतो आणि दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. एकीकडे हातपाय आणि चेहरा वाळत असताना दुसरीकडे पोटाचा घेर वाढत असेल, तर ते नुसते वजन वाढणे समजू नये. उताणे झोपल्यावर दोन्ही कुशी बाहेर फुगतात. पुढे नाभी वर येते, पोटाची त्वचा ताणून चकचकीत होते, वाकून पायांत काही घालणे कठीण जाते आणि आडवे झाल्यावर दम लागतो. डॉक्टर बोटांनी पोटावर ठोकून बघतात तेव्हा पाणी असलेल्या भागात बद्द आवाज येतो, आणि रुग्णाने कूस बदलली की पाणी खालच्या बाजूला वाहते व बद्द आवाजाची जागाही सरकते. मात्र हाताने कळण्यासाठी सुमारे दीड लिटर पाणी साठावे लागते. सोनोग्राफीत १०० मिलिलिटरच्या आसपासचे पाणीही दिसते, म्हणून शंका असेल तर सोनोग्राफी लवकर करून घ्यावी.

पाण्याची तपासणी टाळू नये

पोटात पहिल्यांदाच पाणी आढळले असेल, तर सुईने थोडे पाणी काढून ते तपासणे हा निदानाचा कणा आहे. सोनोग्राफी पाणी आहे एवढेच सांगते. ते का आहे आणि त्यात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे बहुधा पाणीच सांगते. सुईच्या भीतीने किंवा एकदा पाणी काढले की ते वारंवार काढावे लागते या गैरसमजाने अनेक कुटुंबे ही तपासणी पुढे ढकलतात. पाणी पुन्हा भरते ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नव्हे. यकृताच्या रुग्णांचे रक्त गोठण्याचे अहवाल बिघडलेले असले तरी या तपासणीत मोठा रक्तस्राव होणे विरळाच असते.

पाणी साधारणपणे फिकट पिवळे व पारदर्शक असते. गढूळ पाणी संसर्गाची शंका घेण्यास भाग पाडते, दुधासारखे पांढरे पाणी लसिकावाहिन्यांतून चरबी झिरपत असल्याचे दाखवते आणि रक्तमिश्रित पाणी दिसले तर कर्करोगासह इतर कारणे शोधावी लागतात. तथापि रंगावरून निष्कर्ष काढून थांबू नये. त्याच दिवशी रक्तातील आणि पोटातील पाण्यातील अल्ब्युमिन मोजून पहिल्यातून दुसरे वजा केले जाते. हा फरक दर डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर पाणी पोर्टल शिरेतील वाढलेल्या दाबामुळे, म्हणजे बहुधा यकृताच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे आले आहे. तो कमी असेल तर क्षयरोग, कर्करोग, स्वादुपिंडाचा आजार किंवा मूत्रपिंडातून होणारी प्रथिनांची गळती यांकडे वळावे लागते. पाण्यातील पांढऱ्या पेशींची मोजणी तितकीच महत्त्वाची आहे. न्यूट्रोफिल पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा त्याहून जास्त असतील, तर कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल येण्याची वाट न पाहता संसर्गाचे उपचार सुरू केले जातात. क्षयरोगाची शंका असेल तर एडीए ही तपासणी आणि कर्करोगाची असेल तर पेशींची तपासणी केली जाते.

अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना अल्ब्युमिनमधील फरक आणि न्यूट्रोफिलची संख्या आवर्जून विचारावी व ती लिहून ठेवावी. पुढे डॉक्टर बदलले तरी हे दोन आकडे कामी येतात.

मिठाचा हिशेब

पोर्टल दाबामुळे पाणी साठत असेल, तर मिठाचे पथ्य हाच घरच्या काळजीचा सर्वांत मोठा भाग आहे. दिवसभरात सुमारे २ ग्रॅम सोडियम ही मर्यादा सर्रास दिली जाते. मिठाच्या भाषेत ती सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडी कमी. यात वरून घातलेले मीठच नव्हे, तर दिवसभरात पोटात जाणारे सगळे सोडियम धरायचे असते. पाकिटावर सोडियमचे प्रमाण लिहिलेले असेल, तर त्याला अडीचने गुणल्यावर मिठाचे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

हा हिशेब इतका काटेकोर का ठेवायचा, हे पुढील गणितावरून कळेल. सिऱ्होसिसच्या रुग्णाच्या पोटातील ६ लिटर पाण्यात ढोबळमानाने ४५ ग्रॅम मीठ असते. ज्याच्या लघवीतून सोडियम जवळजवळ बाहेर पडतच नाही असा रुग्ण रोज ५ ग्रॅम मीठ खात असेल, तर तेवढे पाणी पुन्हा भरायला साधारण दहा दिवस लागतात. तोच रुग्ण रोज १० ग्रॅम मीठ खात असेल तर पाचेक दिवसांत पोट पूर्ववत फुगते. सुईने पाणी काढूनही आठवड्यातच ते परत आले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कुटुंबाने सर्वप्रथम स्वयंपाकघरातला मिठाचा डबा तपासावा असे मला वाटते, आणि ते दोष देण्यासाठी नव्हे. अळणी जेवण रोज जेवणे खरोखर अवघड असते, आणि घरातील सगळेच काही दिवस कमी मिठाचे जेवले तर रुग्णाला एकटे पडल्यासारखे वाटत नाही.

मीठ लपून येते ते पाकीटबंद पदार्थ, तयार सूप, सॉस, चीज, पाव, खारवलेले मांस आणि मिठात मुरवून टिकवलेल्या सगळ्या पदार्थांतून. खाण्याच्या सोड्यात सोडियम असते, पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या गोळ्यांतही ते भरपूर असते आणि आम्लपित्तावरच्या काही औषधांतही असते. काळे, गुलाबी, समुद्री किंवा खनिज, कोणत्याही नावाने विकले जाणारे मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते आणि त्याची मोजणी नेहमीच्या मिठासारखीच करावी. सोडियम कमी असल्याची जाहिरात करणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढण्याची शक्यता असते. त्यात हे मीठ घातले तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. म्हणून असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. चवीसाठी लिंबू, आले, लसूण, कोथिंबीर, मिरी आणि मिठाविना भाजून कुटलेले मसाले वापरावेत. जीभ नव्या चवीला रुळायला काही आठवडे लागतात.

पाण्यावर बंधन कधी घालावे, हा प्रश्न उरतो. रक्तातील सोडियम लिटरमागे १२५ मिलिमोलच्या खाली गेले, तर डॉक्टर दिवसाला एक ते दीड लिटरची मर्यादा घालतात. तसा अहवाल नसताना सिऱ्होसिसच्या रुग्णाचे पाणी आपल्या मनाने तोडू नये. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचे नियम वेगळे असतात.

रक्तातले सोडियम कमी आहे, मग मीठ का सोडायचे, असेही पुष्कळदा विचारले जाते. शरीरात एकूण सोडियम जास्तच असते, पाणी त्याहूनही जास्त झाल्यामुळे ते पातळ होऊन अहवालात कमी दिसते. अशा वेळी मीठ वाढवले तर पोटातले पाणी वाढते.

रोजचे वजन

वजनकाटा हे घरातले सर्वांत उपयोगी साधन आहे, कारण एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो वजन. रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्यापूर्वी, साधारण त्याच कपड्यांत आणि त्याच काट्यावर वजन करावे व तारखेसह वहीत लिहावे. आठवड्यातून दोनदा नाभीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजावा; टेप दर वेळी त्याच जागी यावी म्हणून कुशीवर पेनाने बारीक खूण केली तरी चालते. शेजारच्या रकान्यात पायांवरची सूज, घेतलेल्या गोळ्या आणि काही वेगळे वाटले असल्यास ते लिहावे.

गोळ्या सुरू असताना वजन किती वेगाने उतरावे यालाही मर्यादा आहे. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणि सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त घट होऊ नये, कारण पोटातले पाणी रक्तात परत शोषले जाण्याचा वेग ठरावीक असतो. त्याहून जास्त लघवी झाली तर ते पाणी पोटातून न जाता रक्तातून जाते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. उलट दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

एक सूक्ष्म गोष्ट येथेच सांगायला हवी. पाणी उतरत असताना स्नायूही झिजत असतील, तर काट्यावरचा आकडा सुखावणारा असतो पण माणूस खंगत असतो. म्हणून दंड, मांड्या आणि कानशिलांकडेही लक्ष ठेवावे आणि पोट उतरल्यावरचे वजन वेगळे लिहून ठेवावे.

लघवी होण्याच्या गोळ्या

सिऱ्होसिसमधील जलोदरात स्पायरोनोलॅक्टोन हे मुख्य औषध आहे, कारण ते अल्डोस्टेरॉनच्या कामालाच आडवे येते. त्याच्या जोडीला फ्युरोसेमाइड दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅम आणि फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम अशी सुरुवात करून, परिणाम पाहत, हेच प्रमाण राखून दोन्ही वाढवणे ही प्रचलित पद्धत आहे. वरची मर्यादा ४०० आणि १६० मिलिग्रॅमची असते. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी लघवी वाढली नाही म्हणून गोळी निरुपयोगी ठरवू नये किंवा आपल्या मनाने दुप्पट करू नये. गोळ्या सकाळी घेतल्या तर रात्रीची झोप मोडत नाही.

या गोळ्या चालू असताना रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वेळोवेळी तपासावे लागते, सुरुवातीला आणि प्रमाण बदलल्यावर जरा लवकर लवकर. जुलाब, उलट्या किंवा ताप यांमुळे शरीर कोरडे पडले असेल, तर त्या दिवशी गोळी घ्यावी का, हे फोन करून विचारावे. स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांना छातीत दुखरी गाठ येते. संकोचाने हे सांगितले जात नाही आणि रुग्ण गोळी गुपचूप बंद करतो. त्याला पर्यायी औषध असते, म्हणून सांगावे. रात्री पोटऱ्यांत गोळे येत असतील तर तेही सांगावे.

गोळ्या वाढवूनही वजन उतरत नसेल, तर २४ तासांच्या लघवीतील सोडियम मोजून घ्यावे. ते ७८ मिलिमोलपेक्षा जास्त असेल, म्हणजेच औषध काम करत असेल आणि तरीही पाणी वाढत असेल, तर मीठ कोठून तरी जास्त जात आहे. ते अगदी कमी असेल, तर औषध कमी पडत आहे किंवा पाणी औषधाला दाद देईनासे झाले आहे.

जी औषधे घेऊ नयेत

अंगदुखीवरच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्या या रुग्णांच्या बाबतीत मोठे नुकसान करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि त्या गटातील इतर औषधे मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त आणखी घटवतात, लघवीच्या गोळ्या निष्प्रभ करतात आणि मूत्रपिंडे बंद पडण्याची वेळ आणू शकतात. वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे, पण सिऱ्होसिसमध्ये दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा पाळावी आणि सर्दी-तापाच्या मिश्रगोळ्यांतही तेच औषध असते हे ध्यानात ठेवावे. रक्तदाबाच्या काही गोळ्याही जलोदर झाल्यावर बदलाव्या लागतात, म्हणून आधीपासून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येऊन भान हरपू शकते. यकृत शुद्ध करते असे सांगून विकली जाणारी, घटक न छापलेली कोणतीही औषधे घेऊ नयेत. वनस्पतिजन्य औषधांमुळे यकृत निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

मद्य पूर्ण बंद करावे. आजाराचे मूळ मद्यात असेल तर हाच उपचार आहे, आणि मूळ दुसरे असेल तरी आजारी यकृताला मद्याचा एक घोटही झेपत नाही.

सुईने पाणी काढताना

पोट ताणलेले असेल, श्वास कोंडत असेल किंवा गोळ्यांचा उपयोग होत नसेल, तर पोटातील पाणी सुईने काढले जाते. रुग्णालयांत याला टॅपिंग म्हणतात. रुग्ण किंचित टेकून झोपतो, बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला खाली सोनोग्राफीने जागा निश्चित करून ती बधिर केली जाते आणि बारीक नळीतून पाणी पिशवीत किंवा बाटलीत उतरते. जागा बधिर करताना टोचल्यासारखे होते, त्यानंतर ओढ आणि दाब जाणवतो. तीव्र वेदना होऊ लागल्यास लगेच सांगावे. काही लिटर पाणी उतरेपर्यंत श्वास मोकळा होतो, आणि अनेक रुग्णांना बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी नीट जेवता येते.

सिऱ्होसिसमध्ये ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढले तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते. काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम असा हिशेब असतो. ८ लिटर काढल्यास ४८ ते ६४ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या साधारण तीन बाटल्या. ते न दिल्यास पुढील दिवसांत रक्ताभिसरण कोलमडून मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून खर्चाचा विचार करताना अल्ब्युमिनला कात्री लावण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. प्रत्येक वेळी काढलेल्या पाण्याचा नमुना पेशींच्या मोजणीसाठी पाठवला आहे ना, हेही विचारावे. घरी आल्यावर टोचलेल्या जागेतून पाणी झिरपत असेल तर ती बाजू वर राहील अशा कुशीवर झोपावे आणि झिरपणे एका दिवसात थांबले नाही तर रुग्णालयात दाखवावे.

संगीतकार बेथोव्हेन यांच्या अखेरच्या आजारात डिसेंबर १८२६ ते फेब्रुवारी १८२७ या काळात चार वेळा पोटातील पाणी काढले गेले होते आणि २६ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी जंतूंमुळे संसर्ग होतो हेच ठाऊक नव्हते, आणि अल्ब्युमिन व प्रतिजैविके तर फार पुढची. प्रक्रिया मुळात तीच आहे. ती सुरक्षित झाली आहे ती तिच्याभोवतीच्या या काळजीमुळे, म्हणून ती काळजी गाळू नये.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे

पोटात साठलेल्या पाण्याला आपोआप जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो जिवावर बेतणारा असतो. ताप, थंडी, पोटात दुखणे, जुलाब ही त्याची लक्षणे. पण कित्येकदा यांपैकी काहीच नसते आणि रुग्ण फक्त मलूल होतो, लघवी कमी होते किंवा बोलण्यात गोंधळ होतो. म्हणूनच जलोदराचा रुग्ण कोणत्याही कारणाने अचानक बिघडून रुग्णालयात दाखल झाला, तर पाण्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. या संसर्गात शिरेतून प्रतिजैविके आणि अल्ब्युमिन वेळीच मिळणे निर्णायक ठरते, आणि एकदा तो होऊन गेला तर पुन्हा होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध चालू ठेवावे लागते.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसभरात लघवी अगदीच कमी होणे, बसल्या जागी दम लागणे, ही सगळी तातडीची कारणे आहेत. दम लागला तर छातीत, विशेषतः उजव्या बाजूला, पाणी उतरले असण्याची शक्यता असते. नाभीजवळचा हर्निया एकाएकी दुखरा व कडक झाला किंवा त्यावरील त्वचा काळवंडून फुटू लागली, तर स्वच्छ कापड ठेवून थेट रुग्णालय गाठावे. तो हाताने आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. यकृताच्या रुग्णात मेंदूवरील परिणामाची सुरुवात फार शांतपणे होते: दिवसा झोप आणि रात्री जाग, सही बिघडणे, पुढे केलेल्या हातांचे पंजे फडफडणे, साध्या हिशेबात अडखळणे. हे सोबतच्या माणसालाच आधी दिसते. बद्धकोष्ठतेने ते वाढते, म्हणून डॉक्टरांनी लॅक्ट्युलोज दिले असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके द्यावे.

जेवण

मीठ कमी करायचे, अन्न नव्हे. यकृताच्या आजारात प्रथिने बंद करावीत, हा जुना समज अजूनही टिकून आहे आणि त्याने रुग्ण अधिक खंगतात. पाण्याचे वजन वगळून प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, दूध, अंडी, मासे, कोंबडी, सोयाबीन यांतील जे चालेल ते द्यावे. पोटातल्या पाण्याने जठरावर दाब येत असल्यामुळे दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी सोपी जातात. झोपण्यापूर्वी थोडे खाणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आजारी यकृतात रात्रभर पुरेल इतका साखरेचा साठा नसतो आणि पहाटेपर्यंत शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवू लागते. उपवास करू नयेत. अंथरुणाला खिळून राहण्याचीही गरज नाही. झेपेल तेवढे चालल्याने स्नायू टिकतात.

मूळ कारणाकडे

मद्य सोडल्यावर काही महिन्यांत पाणी नाहीसे झालेले रुग्ण असतात. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला औषधांनी दाबून ठेवता येते आणि हिपॅटायटिस सी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि ते पूर्ण केल्यास पाणी आटते. मात्र त्यातील काही औषधे यकृताला त्रास देतात, म्हणून कावीळ किंवा सततची मळमळ झाल्यास लगेच दाखवावे.

कर्करोग पेरिटोनियमवर पसरून पाणी होत असेल, तर गणित वेगळे असते. तेथे मिठाचे पथ्य आणि लघवीच्या गोळ्या यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि आधीच अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला अळणी जेवण वाढून त्याच्या तोंडची उरलीसुरली चव हिरावणे मला योग्य वाटत नाही. अशा रुग्णांना वारंवार टॅपिंग करण्यापेक्षा पोटात कायम राहणारी बारीक नळी बसवून घरीच थोडे थोडे पाणी काढता येते. नळीच्या जागेची स्वच्छता कशी राखावी, हे परिचारिकेकडून प्रत्यक्ष करून पाहून शिकून घ्यावे.

सिऱ्होसिसमधील पाणी औषधांना दाद देईनासे झाले, तर निवडक रुग्णांत यकृतातून धातूची जाळीदार नळी घालून पोर्टल शिरेतला दाब कमी केला जातो. याला टिप्स म्हणतात. त्याने पाणी कमी होते, पण गोंधळलेपणा वाढू शकतो आणि हृदय किंवा यकृत फारच अशक्त असेल तर ही प्रक्रिया करता येत नाही. यकृत प्रत्यारोपण हा मूळ आजारावरचाच उपाय आहे. पोटात पाणी होणे हे सिऱ्होसिस पुढच्या टप्प्यात गेल्याचे चिन्ह असते, म्हणून रुग्ण प्रत्यारोपणासाठी योग्य आहे का हा प्रश्न पहिल्यांदा पाणी साठले तेव्हाच डॉक्टरांना विचारावा. त्यासाठीच्या तपासण्या, दात्याचा शोध आणि पैशांची जुळवाजुळव यांना वेळ लागतो, आणि शस्त्रक्रिया सोसण्याइतकी ताकद रुग्णाच्या अंगात असेपर्यंत हे सगळे झालेले असावे लागते.